लढाईतली गाडी आणि एका थेंबाचा नियम

मी सांगते ते किस्से नाहीत, तक्रारी आहेत. पण तक्रारीचं कसं असतं, पहिल्यांदा सांगितली की लोक "अरेरे" म्हणतात, दुसऱ्यांदा सांगितली की मोबाईल बघतात आणि तिसऱ्यांदा सांगितली की हसायला लागतात. चौथ्यांदा तर पाहुणे स्वतःच फर्माईश करतात, "ते कुरडयांचं सांग ना!" आणि मी, एम.एस्सी. झालेली बाई, चहाचा ट्रे हातात धरून स्वतःच्याच संतापाचा कार्यक्रम सादर करते.

दोन वर्षांत माझ्याकडे अशा तक्रारी डबाभर साठल्यात. सगळ्यांचं मूळ एकच. आमच्या अहमदपूरच्या घराच्या अंगणात दुसऱ्या महायुद्धातला मिलिटरीचा ट्रक उभा आहे आणि माझा नवरा नितीन तो पहिल्यासारखा करतोय. छंद म्हणून. लोक नाणी जमवतात, कुंड्यांत गुलाब लावतात. नितीन शाळेत गणित शिकवतो आणि उरलेला वेळ ट्रकखाली असतो.

घरात कुणी त्याला ट्रक म्हणत नाही. "गाडी" म्हणतात. आमच्याकडे एक चालणारी स्कूटी आहे आणि एक चालणारी कारसुद्धा आहे. त्यांना स्कूटी आणि कार म्हणतात.

* * *

गाडी आमच्याकडे आली ती एका स्थळामुळे.

नितीनच्या चुलतभावासाठी आम्ही जळकोटला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, सगळं रीतसर चाललं होतं. नितीन हात धुवायला म्हणून घरामागे गेला तो परत येईना. वीसेक मिनिटांनी आला तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या पाठीला माती आणि कुसळं. चेहऱ्यावर मात्र असा आनंद, की मुलगी बघायला आलेल्या माणसाच्या तोंडावर मी तसा कधी पाहिला नाही. मला बघायला आला होता तेव्हाही नाही.

घरामागे मुलीच्या आजोबांचा बंद पडलेला तेलाचा घाणा होता. त्याच्या कडेला हा ट्रक पडून होता आणि त्याच्या मागच्या हौद्यातून एक बाभूळ वर आलेली होती. लढाई संपल्यावर मिलिटरीनं विकून टाकलेल्या गाड्यांपैकी ही एक. आजोबांनी तिच्यातून वर्षानुवर्षं शेंगदाणे वाहिले आणि मग एक दिवस ती थांबली ती थांबलीच. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. नितीननं त्या वेळी यातलं काहीही न सांगता मुलीच्या वडिलांना सरळ विचारलं, "काका, गाडी देता का?"

मुलीच्या वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. चुलतसासरे लाल झाले. मुलीच्या भावानं सभ्यपणा सोडला नाही. कोणती गाडी म्हणता, असं त्यानं विचारलं.

"नवी नको," नितीन म्हणाला. "जुनीच द्या. चालत नसली तरी चालेल."

"आमच्यात देण्याघेण्याची पद्धत न्हाई, पाव्हणं," मुलीचे वडील म्हणाले आणि उठून उभे राहिले.

मग सगळा उलगडा करायला मलाच बोलावं लागलं. हुंडा नको, मागची बाभळीतली गाडी पाहिजे, असं मांडीवरच्या आमच्या दोन वर्षांच्या लेकीला, ओवीला, थोपटत मी सांगितलं. ते ऐकून वडील इतके हसले की त्यांनी गाडी तिथल्या तिथे देऊन टाकली, फक्त बाभूळ तुम्हीच तोडा म्हणाले. मुलीनं मात्र नकार कळवला. बंद पडलेली गाडी मागणाऱ्यांच्या घरात मला जायचं नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं म्हणे.

त्या मुलीबद्दल मला अतोनात आदर आहे. ती आता लातूरला सुखात आहे. मी त्या घरात आधीच येऊन बसलेली होते.

* * *

गाडी क्रेननं आली. फाटकातून आत जाईना म्हणून फाटक काढलं, तरी जाईना म्हणून कंपाउंडची भिंत चार हात पाडली. माझी कपडे वाळत घालायची तार गेली. ओवीचा पाळणा टांगलेली लिंबाची फांदी गेली. संध्याकाळी आवारात जे उभं राहिलं त्याला काच नव्हती, खाली तळ नव्हता आणि सीटच्या कापसात दोन विंचू होते. पत्रा जिथे होता तिथे धारदार होता, आणि जिथे नव्हता तिथे त्याच्या कडा होत्या.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकले आहे. नोकरी केली नाही. त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच, की इतरांना न दिसणाऱ्या गोष्टींना मी घाबरू शकते. धनुर्वाताचे जंतू गंजात नसतात, मातीत असतात, हे मला पाठ आहे. पण ती गाडी म्हणजे चाकं लावलेली मातीच होती.

त्याच संध्याकाळी मी अंगणात उभी राहून सांगितलं, "या गाडीपायी ओवीच्या अंगातून रक्ताचा एक थेंब जरी निघाला, तर गाडी त्याच दिवशी भंगारात."

गणिताचा मास्तर तो, त्याला व्याख्या पाहिजे. ओरखडा धरायचा का? रक्त आलं तर धरायचा. गाडीत पैदास झालेला डास चावला तर? तो सोडला. मग नितीननं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून शब्द दिला. माझे सासरे अण्णा साक्षीला होते. खलीलभाईही होते. हे गावातले जुने मेकॅनिक, त्यांच्या वडिलांनी असल्या गाड्यांची इंजिनं उतरवलेली, त्यामुळे नितीननं त्यांना पहिल्याच दिवशी बोलावून आणलं होतं. तिघांनी माना डोलावल्या.

नितीन दिलेला शब्द पाळतो. लग्नाआधी मला हा गुण वाटला होता.

* * *

नियमाचा पहिला परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी माझ्या माळ्यावरच्या गोधड्या नाहीशा झाल्या.

ओवी झोपली असताना तीन कर्त्या पुरुषांनी दाभण आणि सुतळी घेऊन गाडीला गोधड्या शिवल्या. प्रत्येक कोपऱ्याला, प्रत्येक कडेला, बंपरला दुहेरी. अण्णांनी जन्मात शर्टाचं बटण लावलेलं नाही, पण बंपरची शिवण त्यांनी अशी घातली की उसवायला मला कात्री लागली. जाणारे-येणारे थांबून बघत. शेजारच्या काकूंनी मला दारात गाठून हळूच विचारलं, "गाडीचं बाळंतपण करून राहिल्यात का तुमच्याकडं?"

आणि बोलणी कुणाला? मला! लेकराला इंजेक्शन दिलं का, हे मला. लेकरू त्या लोखंडापाशी जातंय, तुझं लक्ष कुठंय, हेही मला. ज्यानं लोखंड आणलं तो समोर पाना घेऊन उभा असायचा, त्याला विचारायचे, "मास्तर, ॲव्हरेज काय देईल?"

आठवडाभरात ओवी धावता धावता आपटली आणि तिचा ओठ फुटला. भळाभळा रक्त. तिघेही गाडी वाचवायला तिच्यासमोर आडवे उभे राहिले.

ती घरात, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली होती. तेवढ्या एका कोपऱ्याला गोधडी नव्हती.

* * *

मी रागाच्या भरात एकदाच फोन केला, त्याची शिक्षा अजून भोगते आहे.

मी आत पोळ्या करत होते. ओवी दारात येऊन उभी राहिली. कोपरापासून बोटांपर्यंत लाल, गालावर लाल, फ्रॉकवरून ओघळ. मी किंचाळले आणि पहिला फोन डॉक्टरांना केला. निदान आठवतंय तरी तसंच. मोबाईलमध्ये मात्र पहिला फोन भंगारवाल्याला केल्याचं दिसतं. आई म्हणून याचा अर्थ काय होतो यावर मी बऱ्याच रात्री विचार केलाय.

तो रेड ऑक्साईड होता. पत्र्याला गंज धरू नये म्हणून मूळ रंगाआधी लावतात तो तांबडा हात. ओवीनं बाबांना मदत केली होती. मी तिला रॉकेलनं पुसून काढेपर्यंत भंगारवाला दोन माणसं आणि दोरखंड घेऊन दारात हजर. त्याला सगळं समजावून सांगावं लागलं. नियमही सांगावा लागला. अण्णांनी त्याला चहा पाजला.

तेव्हापासून तो दर पंधरा दिवसांनी मला फोन करतो. अतिशय अदबीनं, अतिशय आपुलकीनं विचारतो, "काय ताई, लागलं का लेकराला?"

* * *

नर्सरीच्या प्रवेशासाठी ओवीची मुलाखत होती. महिनाभर मी तिच्याकडून फळं, रंग, प्राणी करून घेतले होते. मॅडमनी आंबा दाखवला, तिनं आंबा सांगितला. मला जरा हायसं वाटलं.

मग मॅडमनी विचारलं, घरी कोण कोण असतं.

"आजी, अण्णा, आई, खलीलचाचा," ओवी म्हणाली.

"आणि बाबा?"

"बाबा गाडीखाली."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी टेबलावरून पुढे होऊन माझ्या हातावर हात ठेवला. माझी टिकली, माझं मंगळसूत्र त्यांनी पाहिलं असणार, म्हणूनच बहुतेक आवाज आणखी मऊ झाला. किती दिवस झाले, त्यांनी विचारलं. मला वाटलं गाडीबद्दल विचारतायत. मी खरं ते सांगितलं, सात-आठ महिने होत आले.

"मग... बाहेर नाही काढलं अजून?"

"छे हो," मी म्हणाले. "जेवायला तेवढे येतात बाहेर."

प्रवेश मिळाला. शाळेत आजही मॅडम माझ्याशी हळू बोलतात.

* * *

ओवीला खोकला झाला की मी औषध ड्रॉपरनं मोजून देते. चमच्यात कमी-जास्त होतं, ते मला चालत नाही. हे काळजीचं काम आहे की वेडाचं, मला ठाऊक नाही. पण ड्रॉपर उकळून, पुसून, झाकणाच्या डबीत ठेवलेला असतो.

एके दिवशी डबी उघडली तर आत ऑईलचा वास.

मी ड्रॉपर घेऊन तरातरा बाहेर गेले. खलीलभाई कार्ब्युरेटर उघडून बसले होते. आजवर मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. वयानं मोठे, आणि ओवीवर त्यांचं लक्ष माझ्यापेक्षा जास्त. ती तीन हातांच्या आत आली की हातातलं काम टाकून उभे राहतात. पण त्या दिवशी मी बोलले. लेकराच्या औषधाची वस्तू आहे, काही विचार, काही भीड? असं बरंच बोलले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वैनी, गुस्सा बराबर हाय तुमचा. पर इत्तं बारीक माप अख्ख्या अहमदपुरात न्हाई."

ही तारीफ आहे हे मला घरात गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी नांदेडला माहेरी गेले होते, तिथून दोन नवे ड्रॉपर आणले. एकावर मार्करनं लिहिलं "ओवी", दुसऱ्यावर "गाडी". दोन्ही एकाच फळीवर ठेवले आणि मग बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिले. गाडी घालवायला निघालेली बाई गाडीसाठी नांदेडहून ड्रॉपर आणते. हा किस्सा मी पाहुण्यांना सांगत नाही.

* * *

आता कुरडया.

आधी माझ्या सासूबाईंबद्दल सांगितलं पाहिजे. त्यांना मी आत्याबाई म्हणते. कमी बोलतात. गाडी आली त्या दिवशी त्यांनी ओसरीवरून तिच्याकडे एकदा पाहिलं, "लोखंड हाय," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर गाडीच्या दहा हातांच्या आत पाऊल टाकलं नाही. माझा नियम ऐकून त्यांना बरं वाटलं की राग आला, हेही मला कधी कळलं नाही. सून म्हणून मी त्यांच्या पसंतीला उतरले का, या न सुटलेल्या प्रश्नाशेजारी तो प्रश्न गेला.

एप्रिलात इंजिन सुरू करायचं ठरलं. ही गाडी समोरून हँडल फिरवून सुरू होते. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. नाहीतर इंजिन उलटा झटका देतं आणि अंगठा जातो. खलीलभाई हे इतक्यांदा सांगत की ओवी जेवताना चमचाही तसाच धरू लागली. माझ्या हातात कापसाचे बोळे होते, ओवीच्या कानांसाठी. आम्ही दोघी ओसरीच्या आतल्या टोकाला.

अण्णांना हँडल पाहिजे होतं. विहिरीवरचं इंजिन आयुष्यभर मीच मारलं, म्हणाले. त्यांनी मारलं, नितीननं मारलं, खलीलभाईंनी मारलं. गाडी खोकली, ओवीसारखीच, कोरडी. नवव्या की दहाव्या वेळी जो आवाज झाला त्यानं शेजारच्यांची शेळी दावं तोडून पळाली.

सायलेन्सरमध्ये उंदरांचा संसार होता. चिंध्या, शेंगांची टरफलं, आणि लढाईपासूनची काजळी. ती सगळी एका भपकाऱ्यात बाहेर आली. मागे, बाजेवर धोतर अंथरून, आत्याबाईंनी पहाटे उठून घातलेल्या कुरडया वाळत होत्या.

तिघे नाचत होते. अण्णा खलीलभाईंच्या गळ्यात पडले होते. ओवी टाळ्या वाजवत होती. आत्याबाई बाजेजवळ गेल्या, एक काळी कुरडई उचलून उन्हात धरून पाहिली आणि सगळ्या डब्यात भरल्या.

पुढे महिनाभर रोज दुपारी त्या तळून तिघांच्या ताटात पडल्या. आमच्या दोघींच्या ताटात नाहीत, ओवीच्या तर नाहीतच. खलीलभाईंनासुद्धा हाक मारून बसवत. नितीननं एकदा, पोटाला बाधणार नाही ना, असं विचारून पाहिलं.

"लोखंड हाय," आत्याबाई म्हणाल्या. "अंगाला लागंल."

* * *

खंडेनवमीला पूजा होऊन दसऱ्याला सकाळी गाडी निघणार होती. घर ते मार्केट यार्ड आणि परत, एवढीच पहिली फेरी.

दोन वर्षांत तिला नवा तळ लागला होता, काचा आल्या होत्या, सीटवर नवं रेक्झिन होतं. रंग मिलिटरीचाच, शेवाळी. गोधड्या मी स्वतः उसवल्या होत्या, कारण आता धार कुठेच राहिली नव्हती. मी बोटं फिरवून बघितलं होतं. सगळीकडे. दोनदा.

सकाळी अण्णांनी गाडीपुढे गोणपाट अंथरून हत्यारं मांडली. पाने, जॅक, हातोडी, हँडल, शेतातली खुरपी. गाडीतून काढलेले झिजलेले भागही पुसून ओळीनं ठेवले. लढाई बघितलेलं सामान हाय, त्याचाबी मान, म्हणाले. खलीलभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि आपली हत्यारांची पेटी त्यांनी गोणपाटावर आणून ठेवली. त्यांच्या गॅरेजातही दर नवमीला झेंडूची माळ असते. आत्याबाईंनी लांबूनच हळदीकुंकवाचं ताट अण्णांच्या हाती दिलं. वर कायदाही सांगितला, दर वर्षी सांगतात तोच. एकदा गोणपाटावर पूजेत बसलेलं काहीही दसऱ्याची सकाळ होईस्तोवर जागचं हलवायचं नाही. मागे एका नवमीला घराचं कुलूप अडकलं तेव्हा त्यांनी पान्याला हात लावू दिला नव्हता. सगळं घर त्या रात्री ओसरीवर झोपलं होतं.

मी काठाची साडी नेसले होते. हातात सहा-सहा हिरव्या बांगड्या, आत्याबाईंनी आदल्या दिवशी कासाराकडून भरवलेल्या.

ओवीला सगळ्यांच्या आधी सीटवर बसायचं होतं. दोन वर्षं जी मी तिला तीन हातांवरून ओढून आणत होते, त्या मीच तिला काखेत धरून उचललं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. गाडी सुंदर दिसत होती, हे कारण काही देण्यासारखं नाही.

आत ठेवताना माझं मनगट दाराच्या चौकटीवर आपटलं. बांगडी फुटली. तुकडा ओवीच्या दंडाला लागला.

एक थेंब आला. दंडावरून ओघळून नव्या सीटवर पडला.

ओवी रडली नाही. तिनं थेंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाबांकडे. आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं दंड झाकून म्हणाली, "काही नाही आलं."

मी तिला खाली घेतलं, धुतलं, डेटॉल लावलं, पट्टी लावली. ओरखडाच होता. वळून बघते तर नितीन फोन काढून उभा.

"कुणाला लावतोस?" एरवी अण्णांसमोर मी त्याला अहो म्हणते.

"भंगारवाल्याला."

"वेडा आहेस का? बांगडी माझी होती."

"गाडीपायी, म्हणाली होतीस. गाडीत बसवताना झालं." त्याचा आवाज अगदी नीट होता, वर्गात असतो तसा. बोट मात्र अजून नंबरावर टेकलं नव्हतं. "त्याच दिवशी, म्हणाली होतीस."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा खाली बघत म्हणाले, "शब्द दिल्ता त्यानं, पोरी. माझ्यासमोर." खलीलभाईंनी दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या आणि बटणं लावली. "जबान दी सो दी," एवढंच म्हणाले, आणि बॉनेटवरचा झेंडू सरळ केला.

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं! दोन वर्षं या घरात मी सांगते आहे. तार परत लावा, ऑईलचे हात पडद्याला पुसू नका, भिंत बांधून घ्या. एक गोष्ट कुणी ऐकली नाही. आणि आज सगळे मिळून माझं ऐकायला निघाले होते! ओवी माझ्या पदरामागे उभी होती, पट्टीवर हात दाबून, श्वास धरून.

"थांब," मी म्हणाले. "ज्यानं रक्त काढलं ते आजच्या आज घराबाहेर. नियम हाच ना?"

नितीन विचार करून हो म्हणाला.

मी बांगड्या उतरवायला लागले. उजव्या हातातल्या पाच, डाव्यातल्या सहा. एकेक काढून पेपरवर ठेवली, फुटलेलीचे तुकडेही वेचून ठेवले, पुडी बांधली आणि त्याच्या हातात दिली. "बोलाव त्याला. घेऊन जा म्हणावं."

अण्णांनी मान वर केली. खलीलभाईंचा हात बॉनेटवर तसाच राहिला. नितीन पुडीकडे बघत होता. मग माझ्या लक्षात आलं की ते माझ्याकडे बघत नाहीयेत, माझ्या मागे बघतायत.

आत्याबाई ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या. खंडेनवमीचा दिवस, घरची सून, आणि दोन्ही हात मोकळे. नांदेडला माझ्या आईनंही हे खपवून घेतलं नसतं. हात पदराखाली घ्यायचंही मला सुचलं नाही.

त्या पायरी उतरल्या. दहा हातांची हद्द ओलांडली. गाडीपाशी आल्या, गोणपाटासमोर वाकल्या. झिजलेल्या भागांच्या ओळीत पुढच्या चाकाच्या जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी होती, हळदीकुंकू लावलेली, पुसून चकचकीत. ती त्यांनी उचलली.

अण्णा "अगं," म्हणाले आणि थांबले.

पूजेतल्या दिव्याच्या तेलात त्यांनी दोन बोटं बुडवली, माझा उजवा हात धरला, बोटांच्या सांध्यांवरून तेल फिरवलं आणि कडी मनगटापर्यंत चढवली. जड होती, गार होती. त्यांनी ती एकदा गोल फिरवून पाहिली.

"सैल हाय," त्या म्हणाल्या. "पर फुटायची न्हाई."